रेवदंडा ते तळोजा: एकाच जिल्ह्यातली दोन मापे

नोव्हेंबर २०२०मध्ये रायगड जिल्ह्यातल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहात दोन माणसे काही दिवस एकाच वेळी कैदेत होती. एक फादर स्टॅन स्वामी. वय ८३, जेसुइट धर्मगुरू. झारखंडच्या आदिवासींमध्ये त्यांचे आयुष्य गेले होते आणि एल्गार परिषद प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, त्यांना ८ ऑक्टोबरला रांचीहून अटक करून आणले होते. कंपवातामुळे त्यांच्या हातात पेला ठरत नसे. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा, असा अर्ज त्यांनी ६ नोव्हेंबरला विशेष न्यायालयात केला. एनआयएने उत्तरासाठी वीस दिवस मागून घेतले आणि २६ नोव्हेंबरला सांगितले की, अशा वस्तू आम्ही त्यांच्याकडून घेतलेल्याच नाहीत.

दुसरे होते रिपब्लिक टीव्हीचे संपादक अर्णब गोस्वामी. ४ नोव्हेंबरच्या सकाळी रायगड पोलिसांनी त्यांना मुंबईतल्या घरातून उचलले आणि अलिबागला आणले. कोरोनाचे दिवस असल्याने पहिले काही दिवस त्यांना अलिबागमधल्या एका शाळेत ठेवले होते, तिथून ८ तारखेला तळोज्याला हलवले. ११ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला आणि त्याच संध्याकाळी ते बाहेर आले. त्यांच्या गाडीभोवती जमलेली गर्दी सगळ्या देशाने थेट प्रक्षेपणात पाहिली.

एकच तुरुंग, एकच आठवडा. गोस्वामींच्या अटकेचा निषेध तेव्हाचे केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आणीबाणीची आठवण काढून केला. एडिटर्स गिल्डनेही, गोस्वामींच्या पत्रकारितेशी तिचे कधी पटले नव्हते तरी, त्या अटकेबद्दल चिंता व्यक्त केली, आणि ते योग्यच झाले. दुसऱ्याच्या सिपरची बातमी बाहेर आली ती वकिलांच्या आणि थोड्याफार बातमीदारांच्या चिकाटीने. मग लोकांनी तळोज्याच्या पत्त्यावर स्ट्रॉ आणि सिपर पाठवायला सुरुवात केली. पण रात्री नऊच्या चर्चांमध्ये स्टॅन स्वामी ‘शहरी नक्षलवादी’च राहिले. खटला उभा राहण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, आरोपी म्हणूनच त्यांचा वांद्र्याच्या रुग्णालयात मृत्यू झाला. त्यांच्या संगणकात बाहेरून फायली घुसवल्या गेल्या होत्या, असा निष्कर्ष एका अमेरिकी न्यायवैद्यक संस्थेने २०२२च्या डिसेंबरमध्ये जाहीर केला. ज्या वाहिन्यांनी त्यांना दोषी ठरवून टाकले होते, त्यांनी या निष्कर्षाला किती वेळ दिला, हे आठवून पाहावे.

वादग्रस्त राजकीय आणि धार्मिक व्यक्तींच्या बातम्या देताना माध्यमे दुटप्पी वागतात, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की ते म्हणणाऱ्यालाही त्यात काही सापडत नाही. प्रत्येक जण ते समोरच्याबद्दल म्हणतो. म्हणूनच हा विषय मोठ्या शब्दांतून सोडवून एका जिल्ह्याच्या मातीवर आणायला हवा. रायगडची किनारपट्टी आणि तिला लागून असलेला पनवेल-महाडचा भाग त्यासाठी फार उपयोगी आहे. गेल्या काही वर्षांत देशभर गाजलेली इतकी प्रकरणे इथे घडली, की एकाच जिल्ह्यातल्या बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी सगळा प्रकार उघडा पडतो.

अलिबागचे प्रकरण मुळापासून पाहायला हवे. मे २०१८मध्ये अलिबागजवळच्या कावीर गावात एका इंटिरियर डिझायनरने आत्महत्या केली. त्याच घरात त्यांच्या वृद्ध आईचाही मृतदेह सापडला. मागे राहिलेल्या चिठ्ठीत तीन जणांकडून कामाचे पैसे थकल्याचा उल्लेख होता आणि त्यांतले एक नाव गोस्वामींचे होते. पैसे दिलेले आहेत, असे त्यांच्या कंपनीचे म्हणणे. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा, कलम ३०६चा गुन्हा नोंदला गेला. २०१९मध्ये पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला, न्यायालयाने तो स्वीकारला आणि फाइल बंद झाली. मृताच्या पत्नीने आणि मुलीने दाद मागितली. राज्यात सरकार बदलले. मे २०२०मध्ये गृहमंत्री अनिल देशमुख यांनी फेरतपासाची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये तपास पुन्हा सुरू झाला.

यात दोन प्रश्न होते. देशातल्या एका बड्या संपादकाचे नाव चिठ्ठीत असताना प्रकरण एका वर्षात कसे मिटले? आणि बंद झालेली फाइल, तो संपादक सत्ताधाऱ्यांवर रोज आग ओकत असतानाच कशी उघडली? दोन्ही प्रश्न सारखेच रास्त. पण ज्यांना गोस्वामी आवडत नव्हते, त्यांनी पहिला प्रश्न जोरात विचारला आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली. शिवसेनेच्या मुखपत्राला तर कारवाईत खटकण्यासारखे काहीच दिसले नाही. ज्यांना ते आवडत होते, त्यांनी दुसरा प्रश्न गावभर केला आणि कावीरच्या दोन मृत्यूंचा उच्चारही टाळला. दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारणारे बातमीदार होते, पण बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवसांत ते काम खरे तर अलिबागच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी केले. पोलीस कोठडीची मागणी नाकारताना, मृत्यूचा आणि आरोपींचा थेट संबंध पोलिसांनी दाखवलेला नाही, असे त्यांनी आदेशात नोंदवले.

त्याच वर्षी गोस्वामींच्या वाहिनीने काय केले होते, तेही इथे सांगायलाच हवे. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूनंतर पाटण्यात त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिच्यावर जो गुन्हा नोंदला गेला, त्यातही आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे हेच कलम होते. आठवड्यामागून आठवडे तिच्या अटकेची मागणी पडद्यावरून होत राहिली. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांच्या समांतर खटल्यांवर सविस्तर निकाल दिला आणि रिपब्लिक व टाइम्स नाऊ यांचे काही वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे असल्याचे नोंदवले. एका तरुणीच्या बाबतीत जे कलम म्हणजे गुन्ह्याचा पुरावाच वाटत होते, तेच स्वतःवर आले तेव्हा सुडाचे हत्यार ठरले.

व्यक्तिस्वातंत्र्य एका दिवसापुरते हिरावले गेले तरी ते फार झाले, अशा अर्थाचे सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे गोस्वामींच्या निकालामुळे लोकांच्या तोंडी बसले. तेव्हा केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन उत्तर प्रदेशातल्या मथुरेच्या तुरुंगात होते. हाथरसला बातमीसाठी जाताना ५ ऑक्टोबर २०२०ला त्यांना अटक झाली होती. ते बाहेर आले २ फेब्रुवारी २०२३ला. अठ्ठावीस महिन्यांच्या या कोठडीवर आपल्याकडच्या किती वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले?

दुटप्पीपणा म्हणजे खोटी बातमी, असा एक समज आहे. खोटी बातमी पकडता येते, खोडता येते, तिच्यावर दावा लावता येतो. दुटप्पीपणा मात्र खऱ्या बातम्यांमधूनच उभा राहतो. छापलेला प्रत्येक शब्द खरा असू शकतो. फरक पडतो तो कोणाला कोणता प्रश्न विचारला, कोणाला विचारलाच नाही, आणि पहिल्या दिवसानंतर कोणाच्या दारात बातमीदार पुन्हा गेला यात. एल्गार परिषद प्रकरण ज्या भीमा कोरेगावच्या हिंसाचाराशी जोडले गेले, त्यानंतर नोंदलेल्या पहिल्या गुन्ह्यांत हिंदुत्ववादी नेते मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांची नावे होती. एकबोटेंना मार्च २०१८मध्ये अटक झाली, भिडेंना कधीच झाली नाही. रायगडावर सोन्याचे सिंहासन बसवण्याच्या भिडेंच्या संकल्पाच्या बातम्या मात्र येत राहिल्या. तळोज्यातल्या आरोपींबद्दल जितक्या त्वेषाने चर्चा झाल्या, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही ‘भिडेंची चौकशी कुठवर आली’ हा साधा प्रश्न लावून धरला गेला नाही.

आता रेवदंड्याकडे. कुंडलिकेच्या मुखाशी, जुन्या पोर्तुगीज कोटाला लागून वसलेले हे गाव धर्माधिकारी घराण्यामुळे महाराष्ट्रभर ओळखले जाते. नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३मध्ये दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली. त्यांच्यामागे ती परंपरा त्यांचे पुत्र आप्पासाहेब यांनी चालवली. किनाऱ्यावरच्या आगरी, कोळी, कुणबी घरांत या बैठकीचे वजन किती आहे, हे बाहेरच्याला चटकन समजत नाही. दारू सुटली, घरात वाचन आले, बायकांना आठवड्यातून एकदा घराबाहेर बसून ऐकण्याची, बोलण्याची जागा मिळाली, असे सांगणारी माणसे गावोगाव भेटतात. झाडे लावणे, विहिरी आणि गावे साफ करणे ही कामे बैठकीचे अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, गाजावाजा न करता करतात. हे सारे खरे आहे आणि त्याचा आदर व्हायला हवा.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर आप्पासाहेबांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते दिला गेला. लाखोंची गर्दी जमली होती, बरेच जण आदल्या दिवसापासूनच येऊन बसले होते. मंचावर छत होते, मैदानावर नव्हते. जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांवर होता. कार्यक्रम भर दुपारपर्यंत चालला. त्या रात्रीपर्यंत अकरा मृत्यू जाहीर झाले, पुढच्या दिवसांत आकडा चौदावर गेला. मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये जाहीर झाले आणि चौकशीसाठी अतिरिक्त मुख्य सचिव नितीन करीर यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली. आप्पासाहेबांनी पुरस्काराची २५ लाखांची रक्कम मुख्यमंत्री सहायता निधीला दिली. या दुर्घटनेचे राजकारण करू नये, अशी विनंतीही त्यांनी केली.

माध्यमांनी ही बातमी दाबली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंडप का नव्हता, दुपारची वेळ कोणी ठरवली, पाण्याची सोय किती होती, हे सारे विचारले गेले. विरोधी पक्षांनी सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्याची मागणी केली, तीही ठळकपणे छापून आली. पण प्रश्नांची दिशा जवळजवळ एकट्या सरकारकडे होती. शिस्तीसाठी नावाजलेल्या, स्वतःचे हजारो स्वयंसेवक असलेल्या संस्थेचा या नियोजनात वाटा किती होता, श्रीसदस्यांना काय सूचना गेल्या होत्या, उन्हात कोसळलेल्या माणसांपर्यंत कोण पोहोचले, हे विचारणारी बातमी शोधावी लागते. अलिबाग-पेणच्या बातमीदाराने ते का विचारले नाही, याचे कारण समजण्यासारखे आहे. त्याची आईच बैठकीला जात असते. शिवाय दुःखात असलेल्या माणसांच्या श्रद्धेवर बोट ठेवू नये, ही माणुसकीही त्यात होती. चौदा मृत्यूंना कोणी धर्माचे नाव दिले नाही, कोणत्याही वाहिनीने श्रद्धाळूंना बेजबाबदार म्हटले नाही. हा संयम योग्यच होता.

तोच संयम त्याच्या तीन वर्षे आधी कुठे गेला होता? मार्च २०२०मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मर्कजमध्ये तबलिगी जमातीचा मेळावा झाला. तिथे जमलेल्या अनेकांना कोरोना झाल्याचे उघड होताच काही दिवसांत देशभरच्या पडद्यांवर ‘कोरोना जिहाद’ झळकू लागले. तिथेही प्रशासनाची चूक होती, आयोजकांचीही होती, आणि मेळाव्यात गेलेला सामान्य माणूस दोघांच्या मध्ये सापडला होता. खारघरमध्ये त्या सामान्य माणसाला सहानुभूती मिळाली. निजामुद्दीनमध्ये तो आरोपी झाला. अहमदनगर जिल्ह्यात २९ परदेशी नागरिकांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि एम. जी. सेवलीकर यांच्या या निकालात, मर्कजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. जून २०२१मध्ये वृत्तवाहिन्यांच्या स्वतःच्याच नियामक मंडळाने न्यूज १८ कन्नड आणि सुवर्ण न्यूज यांना दंड केला आणि टाइम्स नाऊला समज दिली.

एप्रिल-मे २०२०चे ते कार्यक्रम मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या कोकणी मुस्लिम मोहल्ल्यांतही पाहिले गेले होते. नगरचा निकाल मात्र कोणत्या पानावर, किती ओळींत आला, हे तिथल्या वाचकांना चांगले ठाऊक आहे. आरोप आठवडाभर चालतो, निर्दोषत्व एका दिवसात उरकते. हा हिशेब प्रत्येक समाज आपापल्या मनात ठेवत असतो.

पालघरचेही असेच. १६ एप्रिल २०२०च्या रात्री गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्यामागे होती. काही वाहिन्यांनी त्याला धर्माचा रंग दिला, तो इतका की अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे गृहमंत्र्यांना यादी जाहीर करून सांगावे लागले. पण दुसरी बाजूही नोंदवायला हवी. जमावाने अल्पसंख्य माणूस मारला की ज्यांचे स्तंभ दुसऱ्या दिवशी भरून येत, त्यांतल्या काहींना या साधूंच्या मृत्यूवर लिहायला बरेच दिवस लागले. साधूंवर लिहिले तर आपण दुसऱ्या गोटात धरले जाऊ, ही भीती त्यामागे असावी. भीती खरी, पण मृतांना त्यातून काही मिळाले नाही.

महाडचे प्रकरण थोडक्यात. २३ ऑगस्ट २०२१ रोजी जनआशीर्वाद यात्रेत तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे महाडला आले आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या कानाखाली मारण्याबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी संगमेश्वरजवळ त्यांना अटक झाली. महाडला आणून रात्री उशिरा न्यायालयात उभे केले आणि जामीन मिळाला. सगळा दिवस प्रत्येक पडद्यावर दुसरे काही नव्हते. त्याच महाड तालुक्यात बरोबर महिनाभर आधी, २२ जुलैला, तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली होती. वाचलेल्यांचे पुनर्वसन कुठे आणि कधी, हा तेव्हाचा जिवंत प्रश्न होता. राण्यांच्या मागे महाडात जमलेल्या कॅमेऱ्यांपासून तो फार लांब नव्हता.

राण्यांना एका रात्रीत जामीन मिळाला, याचे अनेकांना हायसे वाटले. मे २०२२मध्ये शरद पवारांवरचा एक मजकूर समाजमाध्यमावर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे हिला अटक झाली. कळंबोली पोलीस ठाण्याबाहेर तिच्यावर शाई फेकली गेली आणि तिला महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहावे लागले. राण्यांच्या वेळी ‘बोलण्यावर अटक कशाला’ म्हणणारे काही जण या वेळी संस्कृतीबद्दल बोलू लागले, आणि राण्यांच्या वेळी संस्कृतीबद्दल बोलणारे काही जण या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल. तिचा मजकूर ओंगळ होता. राण्यांचे वाक्यही ओंगळच होते. अटक दोन्हीकडे गैर होती, असे दोन्ही वेळा सारख्याच आवाजात लिहिणारे संपादक महाराष्ट्राला हवे होते.

हा रोग वाहिन्यांबरोबर आलेला नाही. महाड हाच त्याचा जुना साक्षीदार आहे. १९२०च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते. सात वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसांनी आपल्या ओंजळीत घेतले. ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेनेच आधी केलेला होता. तरी सभेहून परतणारे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि त्यांना मारहाण झाली. नंतर घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पुण्या-मुंबईच्या काही पत्रांना दोष दिसला तो पाणी पिणाऱ्यांच्या घाईत. लाठ्या चालवणाऱ्यांच्या हातांची चर्चा त्यांनी केली नाही. ३ एप्रिल १९२७ला आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. स्वतःची बाजू स्वतःच छापल्याशिवाय ती कुठेच छापून येणार नाही, हा धडा त्यांना महाडने पुन्हा एकदा दिला होता. पुढे याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३पासून काही वर्षे चालवलेल्या संपाचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७मध्ये सुरू केलेले ‘कृषीवल’ याच गरजेतून आले.

सत्ता स्वतःच मापे ठरवते तेव्हा काय होते, याचे उदाहरण पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाचे आहे. १९७५मध्ये आणीबाणी आली तेव्हा विनोबा भावे पवनारला वर्षभराचे मौन पाळत होते. त्यांनी लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने उचलले आणि आकाशवाणीपासून भिंतींपर्यंत सगळीकडे नेले. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला मौन संपले. अनुशासन असते ते आचार्यांचे, सत्ताधाऱ्यांचे नव्हे, असा खुलासा विनोबांनी केला. त्या खुलाशाला आधीच्या शब्दांइतकी प्रसिद्धी मिळाली नाही. १९७६मध्ये त्यांनी गोहत्याबंदीसाठी उपोषणाचा संकल्प जाहीर केला, तेव्हा ती बातमी छापलेले ‘मैत्री’ मासिकाचे अंक पोलिसांनी पवनार आश्रमातून जप्त केले. माणूस तोच, धर्मनिष्ठाही तीच. सरकारच्या सोयीचे दोन शब्द देशभर गेले आणि गैरसोयीची पाने जप्त झाली. स्टॅन स्वामींच्या वेळी माध्यमांवर असा कोणताही हुकूम नव्हता, ही गोष्ट जास्त काळजीची आहे.

हुकूम नसताना असे का होते, याची कारणे बातमीदाराच्या खिशातही शोधावी लागतात. रायगडसारख्या जिल्ह्यात तालुक्याची बातमी देणारा माणूस बहुधा पगारी नसतो. त्याला बातमीमागे काही रक्कम मिळते आणि जाहिरात आणली तर टक्का. जाहिरात देतात ते आमदार, बिल्डर, सहकारी बँका आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा छापून घेणारे कार्यकर्ते. ज्याच्या फोटोवर या महिन्याचा हप्ता भरला, त्याला पुढच्या महिन्यात अडचणीचा प्रश्न विचारायचा, ही अपेक्षा करणे सोपे, निभावणे अवघड. वरच्या मजल्यावर फक्त आकडे मोठे होतात. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारे मजकूर एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः तसेच छापून आले, हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. चव्हाणांनी पैसे दिल्याचे नाकारले. पण तेच शब्द वेगवेगळ्या कचेऱ्यांमध्ये एकाच वेळी कसे सुचले, याचे समाधानकारक उत्तर त्या दैनिकांनी वाचकांना दिले नाही.

दुसरे कारण वाचकांकडे आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माध्यमांना दोष देणे अर्धवट ठरेल. आपल्या गुरूला, आपल्या नेत्याला साधा प्रश्न विचारणारे दैनिक बंद करणारी घरे या किनाऱ्यावर आहेत. दुसऱ्याच्या गुरूवर, दुसऱ्याच्या नेत्यावर तोंडसुख घेणारे चॅनेल तीच घरे रात्री लावतात. संपादकाला हे कळते आणि तो त्याप्रमाणे पान लावतो.

इथे एक गल्लत टाळायला हवी. भूमिका असणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हे. ‘कृषीवल’ शेतकरी कामगार पक्षाच्या बाजूचे आहे, हे रायगडात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ‘सामना’ कोणाचा, हेही कोणी लपवत नाही. वाचक ते लक्षात ठेवूनच वाचतो. अग्रलेखात कोणाची बाजू घ्यायची, हा संपादकाचा हक्क आहे. फसवणूक होते ती बातमीच्या पानावर, तटस्थतेचा आव आणून, एकाला ‘कथित’ आणि दुसऱ्याला थेट ‘दोषी’ लिहिले जाते तेव्हा. आणि सगळ्यांना सारख्याच शिव्या देणे म्हणजे समतोल, असेही नाही. कावीरच्या कुटुंबाचे दुःख आणि गोस्वामींच्या अटकेतला बेकायदेशीरपणा यांचे वजन एकाच वाक्यात सारखे करून मोकळे होता येत नाही. दोन्हींमागे स्वतंत्रपणे, शेवटपर्यंत जावे लागते.

पुढच्या पानांत म्हणूनच प्रकरणे जोड्यांनी मांडली आहेत. अलिबाग आणि पाटणा, तळोजा आणि मथुरा, खारघर आणि निजामुद्दीन, महाड आणि कळंबोली. प्रत्येक जोडीत पहिल्या दिवसाचा मथळा पाहिला आहेच, पण अधिक जागा दिली आहे ती त्यानंतरच्या महिन्यांना: चौकशी समितीचे काय झाले, जामिनाची बातमी कुठे आली, निर्दोष सुटलेल्याचा फोटो छापला गेला का, मृताच्या घरी दुसऱ्यांदा कोण गेले. काही प्रकरणांत सगळ्यात चांगले काम एखाद्या छोट्या तालुका साप्ताहिकाने केलेले आढळते, काहींत कोणीच केलेले नाही. आणि उदारमतवादी, पुरोगामी म्हणवणाऱ्या पत्रांनी आपल्या माणसांना जिथे सूट दिली आहे, तिथली कात्रणे इतर कात्रणांइतकीच जागा घेऊन छापली आहेत.